आंबिया

कोजागिरी होऊन आठ दिवस झाले.
कूलर खिडकीतून उतरवला, तसं
स्वयंपाकघरात पुन्हा आकाश आलं,
जरीपटक्याच्या तारांवरच्या चार पारव्यांसकट.

कॉटन मार्केटमधून दोन डझन संत्री आणली.
विकणारी म्हणाली, आंबिया हाय बाई, पयला तोडा,
साल हिरवं दिसते, पण आतून भरेल हाय.
मी म्हटलं, भाजायची आहेत.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी ताक गाळून
दोरीवर वाळत घालणार आहे.

ओव्हन नाही. कुकर आहे,
शिट्टी नि रिंग काढलेला, तळाशी बोटभर मीठ,
नील्याच्या वाढदिवसाच्या केकपासून तेच,
राखाडी झालेलं.

सालीसकट चकत्या केल्या.
सोलायला हवं होतं, पण
गोल दिसत होत्या, चाकांसारख्या,
आणि मला त्या तशाच हव्या होत्या.
गूळ किसला. कणकेत लोणी चोळलं
बोटांच्या टोकांनी, रवाळ होईस्तोवर,
वर ग्लुकोज बिस्किटांचा चुरा.
सगळं आवाज न करता,
कारण आतल्या खोलीत हेमराज झोपला होता,
म्हणजे डोळे मिटून पडला होता.

हेमराज, माझा धाकटा.
बावीस वर्षं खर्रा.
ऑटोच्या हँडलला पन्नी लटकलेली,
घोटता घोटता दोन चौक पार.
मग गालात एक पांढरा डाग,
मग इस्पितळ, मग तीस दिवस किरणं,
शनिवार-रविवार सोडून.
डाग गेला. जाताना चव घेऊन गेला.
वरण, पाटवडी, सावजीचा रस्सा,
सगळं पुठ्ठा, म्हणतो. ओला पुठ्ठा.
पहिल्यांदा म्हणाला तेव्हा हसलो आम्ही.
जूनपासून कोणी हसत नाही.

मंद आच, पाऊण तास.
झालं की वासानं कळतं, म्हणतात.
मला भिंतीपलीकडून कळलं:
अरे, कुछ जल रहा है क्या? सिंधी आंटी.
झाकण काढलं. कडेनं गूळ फुटून वर आलेला,
काळसर, बुडबुडे अजून चालू,
आणि मधे चुरा असा बदामी, की फोटो काढावा.
काढला. मग चाखलं.

सालीचं पांढरं, बिया, सगळं रसात उतरलं होतं.
निंबोळीनं हात जोडावेत असं.
साखर भुरभुरली, ती वरच्यावर राहिली.
डबा मोरीशी ठेवला, फेकायला,
आणि मनात आलं, हेमराजला देऊ.
त्याला काय फरक पडतो.
आलं मनात. खोटं कशाला सांगू.

वाटीत दिलं. त्यानं चमचा तोंडात घातला
वीजबिल भरावं तसा,
इकडून तिकडे फिरवला, आणि थांबला.
माझ्याकडे बघून म्हणाला,
कडू.

आमच्याकडे ही शिवी आहे.
ऑटोस्टँडवर दिवसातून शंभर वेळा,
प्रेमानं पन्नास, रागानं पन्नास.
मी म्हटलं, मोठ्या बहिणीले शिव्या देतं का रे?
नाही वो बाई, म्हणाला.
कडू. कडू लागून राह्यलं.

दुसरा चमचा, खात्री करायला.
तिसरा.
तोंड वाकडं, नाकाला मुरड, एक डोळा बंद,
मधेच, काय टाकलं बे याच्यात,
आणि पुन्हा चमचा.
मी समोर बसून ते वाकडं तोंड पाहत राहिले.
किती महिन्यांत त्या चेहऱ्यानं
कशावरच तक्रार केली नव्हती.

चौदा संत्री उरलीत परातीत.
उद्या सोलीन, बिया काढीन, गूळ दुप्पट घालीन.
गोड त्याला कळेल की नाही, माहीत नाही.
सालं मात्र टाकायची नाहीत,
सांगून ठेवलंय घरात.